साऊथ ग्रँट स्ट्रीट, स्टॉकटन

बटाट्याच्या सरीत वाकून वाकून तुमची कंबर धरली आहे. साल 1912, ऑक्टोबर महिना. कॅलिफोर्नियात, सॅन होआकिन नदी खाडीला मिळते त्या त्रिभुज प्रदेशातल्या एका बेटावर तुम्ही उभे आहात. इथली बेटं माणसांनी केलेली. दलदलीला चहूबाजूंनी बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं आणि उरलेल्या चिखलात पीक घ्यायचं. त्यामुळे नदी वर आणि शेत खाली असा उलटा प्रकार आहे. माती काळी आहे, पण तुमच्या ओळखीची काळी नव्हे. आपल्याकडच्या मातीसारखी ती पायाला चिकटत नाही. हजारो वर्षं कुजलेल्या लव्हाळ्याची ही माती हलकी, भुसभुशीत. वारा सुटला की उठते, सदऱ्यात शिरते आणि रात्रभर अंग खाजवत ठेवते.

तुमच्या पुढच्या सरीत जालंधरचा एक जण आहे, त्याच्या पुढे होशियारपूरचा. दोघंही पलटणीत नोकरी करून आलेले. आज ते इंग्रजांच्या फौजेत नाहीत, पण चालण्यात अजून कवायत आहे. पलीकडच्या शेतात जपानी आहेत, बांधाच्या कडेला इटालियन. गोरा मुकादम तुम्हा सगळ्यांना ‘हिंदू’ म्हणतो. पगडीवाला शीख असो, पेशावरचा मुसलमान असो की तुमच्यासारखा पुण्याकडचा, त्याच्या वहीत एकच शब्द.

ही जमीन होल्ट गावाजवळची, सुमारे 500 एकर. ती खंडाने घेतली आहे ज्वाला सिंग आणि विसाखा सिंग या अमृतसर जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांनी. त्यांच्या शेतावरच्या घरात ग्रंथसाहिब ठेवलेला आहे, आणि कामावरच्या माणसांना तिथे जेवणही मिळतं. मग रविवार उजाडतो. आज सगळे स्टॉकटन शहरात निघाले आहेत आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर निघा.

शहरात शिरल्यावर जरा जपून. पाचच वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1907 मध्ये, उत्तरेकडच्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांमधल्या हिंदुस्थानी मजुरांना रात्री झोपेतून ओढून बाहेर काढलं आणि गाव सोडायला लावलं. तुमच्याबरोबर चालणाऱ्यांपैकी एकाच्या भुवईवर त्या रात्रीचा व्रण आहे. तो त्याबद्दल बोलत नाही. गोऱ्यांच्या न्हाव्याच्या दुकानावरून जाताना तो नुसता पलीकडच्या बाजूला जातो आणि सगळी रांग न सांगता त्याच्या मागून रस्ता ओलांडते. खाणावळ, लॉज, दुकान, कुठेच आत बोलावणारं कोणी नाही. म्हणूनच दक्षिणेकडच्या साऊथ ग्रँट स्ट्रीटवरचं गुरुद्वाऱ्याचं ते छोटं लाकडी घर दिसतं तेव्हा आपोआप सगळ्यांचा वेग वाढतो.

बाहेरून पाहिलंत तर त्यात काही नाही. घुमट नाही, संगमरवर नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा कुठेही असतं तसं फळ्यांचं घर. दाराशी बूट काढलेले, चिखलाने भरलेले, सगळे एकाच मापाचे वाटावेत असे जड. हात धुवा. डोकं झाका. टोपी नसेल तर कोणीतरी रुमाल पुढे करेल. आतल्या खोलीत चांदव्याखाली ग्रंथसाहिब आहे, मागे एक म्हातारा चौरी ढाळतो आहे, आणि समोर जमिनीवर बसलेल्या माणसांचे हात तेवढे तुम्हाला दिसतात. नखांत काळी माती. कितीही घासली तरी न जाणारी.

मग पठण चालू होतं आणि मधेच तुम्ही चमकता. नामदेव. हो, आपलेच नामदेव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. पंढरपुरातून निघून पंजाबात जाऊन राहिलेला तो शिंपी महासागर ओलांडून तुमच्या आधीच इथे पोहोचला आहे. ग्रंथी वाचत जातो, समोरची माणसं डोळे मिटून ऐकतात आणि त्या खोलीत तुम्ही एकाएकी पाहुणे राहत नाही. मला विचाराल तर मराठी माणसाने गुरुद्वाऱ्यात परक्यासारखं उभं राहण्याचं कारण त्या दिवशीही नव्हतं आणि आजही नाही.

अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, होते, कडाह प्रसाद ओंजळीत पडतो, तुपाने ओंजळ चकाकते. मग मागच्या बाजूला, लंगरमध्ये चला. तिथे खरी गर्दी आहे.

लाकडाच्या चुलीवर डाळीचं मोठं भांडं रटरटतंय. एक जण डावाने ते ढवळतो आणि प्रत्येक फेरीला भांड्याच्या तळाशी डाव खरवडून घेतो, डाळ लागू नये म्हणून. दोघं कणीक मळताहेत, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. तिसरा लाटण्याशिवाय, नुसत्या तळहातांवर थापून पोळी मोठी करतो आणि तव्यावर टाकतो. कांदे आणि बटाटे कालच्याच शेतातले आहेत. परवा तुम्ही स्वतः पोत्यात भरलेले असतील. ‘परशादा छको, भाईजी,’ म्हणजे पोळी घ्या, असं म्हणत एक जण दोन पोळ्या पुढे करतो. एका हाताने नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायच्या असतात, हे शेजारचा डोळ्यांनी सांगतो.

पंगतीत तुमच्या डाव्या हाताला बर्कलीच्या विद्यापीठात शिकणारा एक बंगाली आहे, उजवीकडे लाहोरकडचा एक मुसलमान, समोर पाचशे एकरांचा खंडकरी. जातपात मोडून एकत्र जेवायचं, ही गुरू नानकांपासूनची शिकवण तुम्ही पुस्तकात वाचली असेल. इथे ती गरजही आहे. हिंदुस्थानात हे चौघं एका पंगतीला बसले असते का, हा प्रश्न 1912 साली पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात विचारून पाहा. इथे डाळ वाढणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नाही. भांडं रिकामं व्हायच्या आत सगळ्यांना पुरलं पाहिजे, एवढीच त्याची काळजी.

जेवण झाल्यावर लगेच निघू नका. आता जे चालू होतं त्यासाठीच मी तुम्हाला इथे आणलं.

एका कोपऱ्यात लिहितावाचता येणारा एक जण मांडी घालून बसतो आणि पुढे रांग लागते. ज्याला त्याला गावाहून आलेलं पत्र वाचून हवं आहे. एकाची म्हैस मेली आहे. एकाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे, पैसे पाठव. एकाला तीन वर्षांनी कळतं की बाप गेला. खोली क्षणभर गप्प होते, मग वाचणारा हळूच पुढची ओळ घेतो. दुसऱ्या कोपऱ्यात कामाची चौकशी: कुठल्या बेटावर सेलरी लावायची आहे, कोण वेळेवर पैसे देतो, कोण बुडवतो. तिसरीकडे वर्गणीची वही. मजुरी दिवसाला डॉलर-दीड डॉलर, आणि त्यातून एकेक जण जे टाकतो ते पाहून तुम्हाला आपल्या खिशाची लाज वाटेल.

या घराची मालक आहे ‘पॅसिफिक कोस्ट खालसा दिवाण सोसायटी’. त्याच वर्षी 27 मे रोजी तिची रीतसर नोंदणी झाली आणि सप्टेंबरात ही जागा घेतली गेली. पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, कॅलिफोर्नियाने परक्यांच्या जमीनमालकीवर कायदा आणला: ज्याला अमेरिकेचा नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. ही जागा त्याच्या थोडी आधी हाती आली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच 1912 मध्ये ज्वाला सिंगांनी आणखी एक गोष्ट केली. बटाट्याच्या पैशातून गुरू गोविंदसिंगांच्या नावाने शिष्यवृत्ती काढली, हिंदुस्थानातून मुलं बर्कलीला आणून शिकवण्यासाठी. पहिल्या तुकडीत सहा जण. निवडताना धर्म पाहिला नाही. स्वतः शेतात राबणाऱ्या माणसाने स्वतःच्या जातभाईंपुरता विचार केला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्याने तो केला नाही, आणि माझ्या मते या गुरुद्वाऱ्याची खरी ओळख तिथून सुरू होते.

आता दीडेक वर्ष पुढे या. फेब्रुवारी 1914.

तीच माणसं, तेच बूट, पण हवा बदलली आहे. आता पत्र वाचणारा पत्रांनंतर एक वर्तमानपत्रही मोठ्याने वाचतो. 1 नोव्हेंबर 1913 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल स्ट्रीटवरून ‘गदर’ निघतंय, आधी उर्दूत, मग गुरुमुखीत. नाव घेतलं आहे ते 1857 च्या बंडावरून. छापखान्यात हाताने यंत्र फिरवणाऱ्यांत कर्तारसिंग सराभा हा सतरा वर्षांचा मुलगा आहे. हे वर्तमानपत्र काढणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष सोहनसिंग भकना, आणि पुढच्या फळीत आपले ज्वाला सिंग. पलटणीत राहून इंग्रजांसाठी चीनपर्यंत लढून आलेली माणसं लंगरच्या भांड्यांशेजारी बसून ऐकत असतात आणि मधेच एखादा म्हणतो, ‘पुन्हा वाच.’ स्टॉकटनच्या जाहीर सभेत स्वातंत्र्याचा झेंडा उभारला जातो, त्याच्यासमोर शपथ घेतली जाते.

या चळवळीत मराठी माणसं शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे उत्तरेकडे ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि गदरच्या लष्करी बाजूची जुळवाजुळव करू लागले. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअर व्हायला अमेरिकेत आला आणि याच कामात पडला. तुम्ही 1914 मध्ये उभे आहात, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे आणि सांगता येत नाही, हीच या प्रवासातली कठीण जागा. महायुद्ध पेटतं. 29 ऑगस्ट 1914 ला ‘कोरिया’ जहाज सॅन फ्रान्सिस्को सोडतं, त्यावर ज्वाला सिंगांसह साठेक गदरी आहेत. हिंदुस्थानात बंड उभारायला, उभी शेतं टाकून निघालेली. पंगत एकदम लहान होते. भांडं तेवढंच, डाळ अर्धी.

पिंगळे आणि सराभाही नोव्हेंबरपर्यंत कलकत्त्याला पोहोचतात. मार्च 1915 मध्ये मेरठच्या छावणीत, घोडदळाच्या लायनीत, पिंगळे बॉम्बसकट पकडला जातो. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी होते: सहा शीख आणि एक मराठी. सराभा एकोणीस वर्षांचा, पिंगळे सत्तावीस. ज्वाला सिंगांना जन्मठेप होते, विसाखा सिंग अंदमानात जातात. आणि ज्या वर्षी हे घडलं त्याच 1915 मध्ये ग्रँट स्ट्रीटवर मागे राहिलेल्यांनी दुमजली लाकडी गुरुद्वारा उभा केला. म्होरके गेले होते, खंडाची शेतं गेली होती, इंग्रजांचे हेर रविवारी आत येऊन बसत होते, तरी ही वर्गणी जमली.

1923. या वर्षात फार वेळ थांबावंसं वाटत नाही, पण थांबायला हवं. 19 फेब्रुवारीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला. थिंद महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, पगडी घालून. निकाल असा की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही. आधी नागरिक झालेल्या अनेकांचंही नागरिकत्व काढून घेण्यात आलं. आणि मग दहा वर्षांपूर्वीचा तो जमिनीचा कायदा पंजाब्यांच्या मानेवर पुरता बसला. आता जमीन घेता येत नाही, खंडानेही नाही. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून नव्या मजुरांचं येणं आधीच बंद केलेलं, त्यामुळे गावाकडची बायको आणता येत नाही. तुमच्या शेजारी बसलेला पन्नाशीचा माणूस वीस वर्षं ज्या मातीत राबला तिच्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव लागत नाही.

अख्ख्या कॅलिफोर्नियात मग त्याच्या नावाला जोडलेली जागा उरते ती ही एक. आणि ती एकट्याची नाही, म्हणून कोणी काढून घेत नाही. दवाखान्यात, पोलिसात, बोटीच्या कचेरीत पत्ता विचारला की ही माणसं गुरुद्वाऱ्याचा पत्ता सांगतात. एखादा शेतावरच्या झोपडीत एकटा मेला तर त्याचं सामान इथे येतं: एक पेटी, दोन पगड्या, गावाची पत्रं. त्याच्यासाठी अरदास करायला माणसं इथे जमतात.

आता 1930 च्या दशकातला गुरुनानक जयंतीचा एखादा दिवस घ्या. 1930 पर्यंत लाकडी इमारतीशेजारी विटांची नवी, पक्की इमारत झाली आहे. रस्त्यावर दुतर्फा मोटारी. दक्षिणेतल्या इम्पीरियल खोऱ्यातून रात्रभर गाडी हाकत कुटुंबं आली आहेत. कुटुंबं, हो. बऱ्याच पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आहेत. बायका कॅथलिक, नवरे शीख किंवा मुसलमान. मुलांची नावं स्पॅनिश, आडनाव सिंग. पोरं पायऱ्यांवर स्पॅनिशमध्ये भांडताहेत आणि स्वयंपाकघरात त्यांच्या आया पोळ्या लाटताहेत, टॉर्टियाचा हात असल्यामुळे भराभर. आत सभागृहात खुर्च्या मांडलेल्या दिसतील. पंजाबातल्या कोणी हे पाहिलं असतं तर नाक मुरडलं असतं. पुढे खुर्च्या निघाल्या, लोक पुन्हा खाली बसू लागले. पण त्या खुर्च्यांवर ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं ही संगत टिकवली त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

मंदीची वर्षं आहेत. बेकार गोरे मजूर मालगाड्यांतून स्टॉकटनकडे येताहेत. लंगरच्या दारात कोणाला जात, धर्म, रंग विचारायचा नाही, हा नियम यांच्यासाठी वेगळा केलेला नाही.

त्या गर्दीत दिलीपसिंग सौंद हे नाव ऐकू येईल. 1920 मध्ये अमेरिकेत आले, बर्कलीत शिकताना याच गुरुद्वाऱ्याने चालवलेल्या वसतिगृहात बिनभाड्याने राहिले, गणितात डॉक्टरेट मिळवली आणि तरीही पोटासाठी शेतातच उतरावं लागलं. कॅथरिन मेयोच्या हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या ‘मदर इंडिया’ला उत्तर म्हणून त्यांनी ‘माय मदर इंडिया’ लिहिलं. 1930 मध्ये ते छापलं खालसा दिवाण सोसायटीने. बटाटे आणि शतावरीचे कोंब काढणाऱ्यांच्या पैशातून निघालेलं पुस्तक, आपल्या देशाच्या बाजूने. आपल्याकडच्या किती देवस्थानांनी त्या काळात असं काही केलं, हे मनात येतंच.

2 जुलै 1946 ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांची नव्या कायद्यावर सही झाली आणि हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला. वर्षाला शंभरच नवे लोक येणार, पण असलेल्यांना नागरिक होता येणार, जमीन घेता येणार. ज्यांनी चाळीस वर्षं वाट पाहिली त्यांच्यातले कितीतरी जण तोवर गेले होते. पुढच्या वर्षी तिकडे फाळणी झाली. सॅक्रामेंटोत पंजाबी मुसलमानांची मशीद उभी राहिली आणि ग्रँट स्ट्रीटवर येणारे काही जुने चेहरे तिकडे जाऊ लागले. त्यात भांडण नव्हतं, त्यांनाही आपली जागा हवी होती. पण 1912 च्या त्या पंगतीत तुम्ही उजव्या हाताला लाहोरच्या माणसाला बसवून जेवला आहात, तेव्हा तुम्हाला ती जागा रिकामी दिसल्याशिवाय राहणार नाही.

1948 मध्ये एल सेंट्रोला गुरुद्वारा झाला. तोवर छत्तीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या शिखांना स्टॉकटन हा एकच होता. सौंद 1949 मध्ये नागरिक झाले आणि नोव्हेंबर 1956 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. पहिले शीख, पहिले भारतीय, आशियातून आलेले पहिलेच.

तुम्ही परत आपल्या काळात आलात की त्या जागेचा पत्ता बदललेला नाही: 1930, साऊथ ग्रँट स्ट्रीट, स्टॉकटन. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने दीड-दोन तास. बे एरियात आज मराठी घरं भरपूर आहेत, आपली मंडळं आहेत, मुलांसाठी मराठी शाळा आहेत. त्या शाळेतल्या मुलांना एका रविवारी तिथे घेऊन जा. तळेगाव ढमढेऱ्याच्या पिंगळ्याचं नाव त्यांना त्या इमारतीसमोर सांगा, आणि ज्वाला सिंगांचंही. डोक्याला बांधायला रुमाल बरोबर घ्या. जेवून लगेच निघू नका. लंगरमध्ये भांडी घासायला माणसं लागतातच.